लॉनवरचं धुकं

संशय घेणं ही माझी नोकरीच होती. सांगलीत पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत मी एकतीस वर्षं लोकांच्या विहिरींवर संशय घेतला. सरपंच येऊन सांगायचा, "मॅडम, आमचं पाणी म्हणजे अमृत आहे हो!" मी म्हणायची, बाटली ठेवा आणि जा. पुढे पुढे तर बाटलीसुद्धा त्यांची घेत नव्हते. स्वतः जीपमध्ये बसून जायचं, स्वतःच्या हाताने नमुना भरायचा, झाकण लावायचं, वर चिठ्ठी डकवायची. नव्या पोरींना मी पहिल्या दिवशी एवढंच शिकवायची: नमुना स्वतः घ्यायचा. बाकी सगळं यंत्र करतं.

हे आधी सांगतेय, कारण पुढे मी जे केलं त्याला माफी नाही.

मी हेमांगी ओगले. नवऱ्याचं नाव शिरीष. मला दमा. सांगलीच्या पावसाळ्यात माझी छाती अशी वाजायची की शेजारचे विचारायचे, रेडिओ लावलाय का? डॉक्टर म्हणाले, कोरड्या हवेत जा. म्हणून सहा वर्षांपूर्वी आम्ही इथे, थरच्या वाळवंटात, 'मरुवन'मध्ये आलो. ऐंशी बंगल्यांची वसाहत, बहुतेक सगळी आपल्याकडचीच निवृत्त माणसं. इथे आल्यावर सहा वर्षं मी दम्याचा पंप हातात धरला नव्हता.

आणि मधोमध लॉन. दोन एकर! चहूकडे वाळू आणि मध्ये हे हिरवंगार. साधी आपली हरळीच, विलायती नाव लावलेली. थंडीच्या दिवसांत सकाळी त्यावर धुकं तरंगायचं. वाळवंटात धुकं म्हणजे काय अप्रूप! बायका शाली गुंडाळून त्यात उभ्या राहायच्या, फोटो काढायच्या आणि पुण्याच्या बहिणींना पाठवायच्या. मीही पाठवलेत.

लॉनला पाणी कुठलं, हा प्रश्न कुणाला पडत नव्हता, कारण उत्तर फाटकावरच्या पाटीवर होतं. घरात कालव्याचं पाणी, तेही मोजून. झाडांना फक्त शुद्ध केलेलं सांडपाणी. आमच्या सगळ्यांच्या न्हाणीघरांतलं पाणी यंत्रातून गाळून उघड्या टाकीत जातं आणि टाकीतून नळ्यांनी बागांना, लॉनला. तिसरं पाणी जमिनीखालचं, आठशे फुटांवरचं. ते दहा हजार वर्षांपूर्वी इथे पाऊस पडत असे तेव्हा मुरलेलं. एकदा उपसलं की पुन्हा भरणार नाही. वसाहतीला लागून एक ढाणी आहे, पंचवीस घरांची वाडी. त्यांची विहीर त्या जुन्या पाण्यावर चालते. त्यांच्याशी करार करून आम्ही दोन वर्षांपूर्वी आमचा बोअर सील केला. सरकारी माणसांच्या देखत, टाळ्या वाजवून.

तरी ढाणीची विहीर खाली जातच राहिली.

हे मला आमच्या सुगनीकडून कळायचं. सुगनी ढाणीतली. सकाळी माझ्याकडे आणि समोरच्या मेधाकडे काम करते. आम्हा मराठी बायकांत राहून तिची भाषा अशी काही झाली आहे की तिची सासू म्हणते, तू आमची राहिली नाहीस. येताना स्वतःची पाण्याची बाटली आणते आणि ओट्याच्या कडेला ठेवते. "तुमचं नहरचं पाणी मला पचत नाही, बाईसा. पोट फुगतं." कालव्याला ती नहर म्हणते.

मार्गशीर्षात ती म्हणाली, "विहिरीत पाणी अजून दोन हात नीचे गेलं. दोर जोडावी लागली. कोणीतरी चोरतंय."

ढाणीने तक्रार केली. भूजल खात्याचे लोक आले आणि आमच्या चेअरमनच्या हातात एक यंत्र देऊन गेले. माघातल्या चतुर्थीपर्यंत चोर शोधा, नाहीतर अख्ख्या वसाहतीचं कालव्याचं पाणी बंद. ज्याच्या घरी जुनं पाणी सापडेल त्या घराची जोडणी कायमची तोडा. वाळवंटात पाण्याची जोडणी तोडणं म्हणजे सामान बांधा म्हणून सांगणं.

चेअरमन म्हणजे शिरीष. यंत्र आपसूक माझ्याकडे आलं.

यंत्राला आम्ही 'हुंग्या' म्हणायला लागलो. तळहाताएवढं, पुढे सोंडेसारखी नळी. पाणी सगळीकडे सारखंच दिसतं, पण त्याचे सगळे रेणू सारखे नसतात. हजारात दोनेक रेणू अंगाने जरा जड असतात, कारण त्यांच्यातला ऑक्सिजन जड. ऊन लागलं की हलके रेणू आधी उडून जातात, जड मागे राहतात. त्यामुळे डोंगरातल्या बर्फाचं पाणी वेगळं, उघड्यावर साठलेलं वेगळं, दहा हजार वर्षांपूर्वीच्या पावसाचं त्याहून वेगळं. प्रत्येक पाण्याला आपला एक आकडा असतो. झाड मुळाने पाणी पितं तेव्हा तो आकडा बदलत नाही. पानात मात्र बदलतो, तिथे ऊन लागतं. म्हणून मुळाजवळची काडी कापायची, नळीत घालायची, चाळीस सेकंद थांबायचं. हुंग्या त्यातली वाफ ओढतो, तिच्यातून लेसर सोडतो आणि जड-हलके मोजतो. आधी एक पाणी त्याला ओळखीसाठी पाजून ठेवायचं. ते जुळलं तर हिरवा दिवा, नाही जुळलं तर लाल, आणि पडद्यावर आकडा.

ओळखीसाठी टाकीचं पाणी हवं होतं. त्या आठवड्यात माझे गुडघे धरले होते आणि टाकीला सतरा पायऱ्या. शिरीष म्हणाला, "तू कशाला चढतेस? मी आणतो भरून."

आणली त्याने बाटली. मी झाकणसुद्धा हुंगलं नाही.

"जुन्या पाण्याचाही नमुना हवा रे," मी म्हटलं.

"तो कशाला? आपला बोअर तर सील आहे. टाकीशी जुळलं तो साव, नाही जुळलं तो चोर. साधा हिशेब."

नवरा सांगतोय म्हणून मी मान हलवली. प्रयोगशाळेतल्या एखाद्या पोरीने एकाच बाटलीवर काम केलं असतं, तर मी तिला दाराबाहेर उभी केली असती.

पंधरा दिवस मी घरोघर हिंडले. वसाहतीची काय दशा झाली म्हणून सांगू! जो तो दुसऱ्याच्या कुंपणावरून वाकून बघायला लागला. कुणाची जास्वंद जास्त फुलली की कुजबुज. भिशीत एक बाई दुसरीला म्हणाली, "तुमचा कढीपत्ता अगदी तरारलाय हं," तर ती ताडकन उठून घरी गेली. मी दिसले की लोक दारं लावून घ्यायचे आणि मग फार हसून उघडायचे. खोटं कशाला बोलू, मला मजा येत होती. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच लोक माझ्या हाताकडे बघत होते.

सगळीकडे हिरवा दिवा. लॉनवर दहा ठिकाणी काड्या कापल्या. हिरवा, हिरवा, हिरवा.

पौषातल्या संकष्टीला मेधा रानवडे नेहमीप्रमाणे दूर्वांची जुडी घेऊन आली. मेधा नाशिकची. नवरा इथेच गेला, मूलबाळ नाही, नाशिकचा फ्लॅट विकून टाकलेला. मला इथे मैत्रीण म्हणावी अशी ही एकच, म्हणून तिचं घर तेवढं मी तपासायचं सोडलं होतं. मागच्या अंगणात वीतभर वाफ्यात तिने हरळी लावलेली, आणि दर संकष्टीला एकवीस दूर्वा निवडून, दोऱ्याने बांधून आमच्या गणपतीला आणायची. सहा वर्षांत एक संकष्टी चुकली नाही.

ती गेल्यावर शिरीष जुडीकडे बघत म्हणाला, "काय ताज्या आहेत ना? तपासून बघ की."

"मेधाच्या?"

"नियम सगळ्यांना सारखा, हेमा."

मी तपासल्या. लाल. म्हटलं, पानांचं काही खरं नाही, मुळाजवळची काडी हवी. तशीच हुंग्या घेऊन मेधाकडे गेले. ती गणपतीपुढे आरतीचं तबक मांडत होती. मागे जाऊन मी वाफ्यातली काडी कापली. लाल. दुसरी कापली. लाल.

"मेधा, हे टाकीचं पाणी नाही."

"नाहीच आहे," ती म्हणाली.

"मग कुठलं?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला आजही ते आठवलं की जेवण जात नाही. "हुंग्या घेऊन आलीस ना? मग त्यालाच विचार. मैत्रीण म्हणून आली असतीस तर सांगितलं असतं."

मलाही राग आला. वाटलं, चोर ती चोर आणि वर शिरजोर! अहवाल सही करून मी शिरीषला दिला. त्याने तो त्याच संध्याकाळी फलकावर लावला. दुसऱ्या दिवसापासून मेधाच्या फाटकाशी कुणी थांबेना. रविवारी सभा ठरली, जोडणी तोडायची की नाही ते ठरवायला. ठरवायचं काय होतं? नुसते हात वर करायचे होते.

शनिवारी सकाळी सुगनी भांडी घासताना गप्प होती. ही बाई गप्प म्हणजे काहीतरी बिनसलंय.

"काय झालं गं?"

"मेधा बाईसा सामान बांधते आहे," ती म्हणाली. "बाईसा, तुम्ही चूक केलीत. ती चोरत नाही. चावल धुतलेलं पाणी घंगाळात जमा करते. देवाला आंघोळ घालते ते पण त्यातच. चार दिवस साठवून मग दूबला घालते. म्हणते, देवाच्या दूर्वांना न्हाणीघराचं पाणी कसं घालू?"

तांदळाचं धुवण! आपल्यातली कुठलीही जुनी बाई हेच करील. मीसुद्धा सांगलीत तुळशीला दुसरं काय घालत होते? आणि हे मला सुचू नये?

तांदूळ भिजतच होते. मी धुवण पातेल्यात घेतलं, हुंग्याची नळी बुडवली. लाल. कालव्याचा आकडा. मेधाच्या काडीचा आकडा माझ्या वहीत होता, तो थोडाच जड, चार दिवस उघड्यावर राहिल्याने जेवढा व्हायला हवा तेवढाच. म्हणजे मेधा खरी होती. लाल दिव्याचा अर्थ फक्त 'टाकीचं नाही' एवढाच होता, आणि मी त्याचा अर्थ 'चोरीचं' असा लावला होता. अरे देवा!

"मग चोरीचं पाणी असतं तरी कसं?" मी स्वतःशीच बोलले. ते मी कधी तपासलंच नव्हतं.

ते माझ्या ओट्यावर होतं. सहा वर्षं रोज सकाळी येत होतं. सुगनीची बाटली, ढाणीच्या विहिरीची.

"सुगनी, तुझ्यातलं घोटभर देशील?"

चाळीस सेकंद. हिरवा.

नळी धुतली, पुसली, पुन्हा बुडवली. हिरवा. तिसऱ्यांदा. हिरवा. "जुळले," असं यंत्राच्या पडद्यावर ठसठशीत उमटलं होतं. ढाणीचं पाणी आणि शिरीषने मला आणून दिलेलं टाकीचं पाणी एकच होतं.

"काय झालं, बाईसा? बसा तुम्ही. खुर्चीवर बसा."

मी बसले नाही. गुडघ्यांना पट्टे बांधले आणि टाकीकडे निघाले. सतरा पायऱ्या बसत-उठत चढले. वर पोचले आणि तिथेच सगळं दिसलं, यंत्राची गरजच राहिली नाही. टाकीतून वाफा निघत होत्या. मी हात घातला. पाणी कोमट! बाहेर हाडं गोठवणारी थंडी, न्हाणीघरातून गाळून आलेलं पाणी तर बर्फासारखं हवं. कोमट पाणी येतं ते फक्त खोलातून. आठशे फुटांखाली जमीन गरम असते, हे मी किती सरपंचांना समजावून सांगितलंय. गाळण यंत्राच्या तोटीतून बोटाएवढी धार पडत होती. आणि टाकीच्या बुडाशी मांडीएवढ्या पाइपातून पाणी उकळ्या फुटल्यासारखं वर येत होतं.

तिथून खाली लॉन दिसत होतं. त्यावर धुकं, आणि धुक्यात शाली पांघरलेल्या बायका हसत फोटो काढत होत्या. कोमट पाण्याची वाफ ती! आम्ही दोन वर्षं ढाणीच्या विहिरीत उभं राहून फोटो काढत होतो.

टाकीतून, तोटीतून आणि पाइपाच्या तोंडाशी मी तीन बाटल्या भरल्या. स्वतःच्या हाताने.

शिरीष ओट्याशी चहा गाळत होता. बाटल्या बघितल्या आणि त्याचा हात थांबला.

"बोअरचं सील वरच्या झाकणाला आहे," मी म्हटलं. "तू खालून बाजूने पाइप काढलास. होय ना?"

तो खोटं बोलला नाही, एवढं खरं. खुर्ची ओढून बसला. "गाळलेलं पाणी लॉनच्या चौथ्या हिश्श्यालाही पुरत नाही, हेमा. पहिल्या वर्षीच ते वाळायला लागलं होतं. लॉन गेलं की वाळू उडणार. वाळू उडाली की तुझी छाती पुन्हा वाजायला लागणार. लोक एकेक करून जातील, वसाहत बंद पडेल. मग कुठे जायचं आपण? सांगलीला? तिथल्या शेवटच्या पावसाळ्यात मी तुझ्या उशाशी बसून तुझे श्वास मोजायचो. आठवतं तुला?"

मला आठवत होतं. माझे डोळे भरून आले. हा माणूस माझ्यावर जीव टाकतो, यात मला तेव्हाही संशय नव्हता.

"आणि मेधा?" मी विचारलं. "जुडी तपासून बघ म्हणून तूच सांगितलंस."

त्याने चहाचा कप बाजूला सरकवला.

"शिरीष, तुला माहीत होतं तिचं पाणी कुठलं ते?"

"तिनेच कधीतरी सांगितलं होतं," तो हळूच म्हणाला. "मला वाटलं, एक नाव मिळालं की ढाणीवाले शांत होतील. ती एकटी आहे, कुठेही राहील."

पाइपाचं मी एखाद वेळेस पोटात घातलं असतं. खरंच सांगते, घातलं असतं. पण हे शेवटचं वाक्य ऐकलं आणि माझ्या आत काहीतरी तुटलं. एक-दोन नाही, चांगली चाळीस वर्षं मी ज्याच्या शेजारी झोपले तो माणूस मला नीट ठाऊकच नव्हता.

रविवारी सभागृह गच्च भरलं होतं. मेधा मागच्या रांगेत, पिशवी मांडीवर घेऊन, सरळ ताठ बसलेली. मी सुगनीलाही बरोबर नेलं आणि पुढच्या खुर्चीवर बसवलं, तेव्हा दोन-चार भुवया उंचावल्या. उंचावू देत. टेबलावर मी पाण्याच्या बाटल्या ओळीने मांडल्या.

"माझा अहवाल खोटा आहे," मी म्हणाले. "मेधा रानवडेंनी थेंबभर पाणी चोरलेलं नाही. मी तपासणी एकाच बाटलीवर केली, आणि ती बाटली मी स्वतः भरली नव्हती. आज हुंग्याला ओळखीसाठी मी स्वतः भरलेलं टाकीचं पाणी पाजलंय. आता चेअरमनसाहेब तो चालवतील आणि दिवा कुठला लागतो ते मोठ्याने वाचतील."

शिरीषने माझ्याकडे पाहिलं. मी नजर हलवली नाही. तो नाही म्हणाला असता तर मीच वाचणार होते, पण उठला बिचारा.

"मेधाताईंचं तांदळाचं धुवण." चाळीस सेकंद. "लाल. टाकीशी जुळत नाही."

"गाळण यंत्राच्या तोटीचं." चाळीस सेकंद. "लाल. जुळत नाही." सभागृहात चुळबूळ सुरू झाली. गाळलेलं पाणीच टाकीशी जुळत नाही म्हणजे काय?

"सुगनीबाईंच्या विहिरीचं."

त्या चाळीस सेकंदांत मागच्या रांगांतले लोक उठून उभे राहिले.

"हिरवा," शिरीष म्हणाला. "जुळलं. लॉनला... लॉनला ढाणीचं पाणी आहे. पाइप मी टाकला. हेमाला माहीत नव्हतं."

मग जो गोंधळ उडाला तो उडाला. सांगण्यासारखी गोष्ट एकच. आरडाओरडा करणाऱ्यांतले निम्मे लोक चोरीबद्दल बोलतच नव्हते. ते विचारत होते, आता लॉनचं काय? मेधा त्या गडबडीत उठली आणि पिशवी घेऊन घरी गेली. सामान सोडायला.

चैत्र लागला. पाइप उखडला गेला, बोअर नव्याने सील झाला. आमच्या घराची जोडणी तोडली, ती नियमाने तोडायलाच हवी होती. दिवसाला दोन हंडे मिळतात आम्हाला, तेही सुगनी ढाणीच्या पंचांना विचारून त्यांच्या गुरांसाठीच्या कालव्याच्या टाकीवरून आणू देते म्हणून. लॉन पिवळं पडून वाळूत मिसळलं. एकवीस घरं रिकामी झाली. उपसा थांबल्याने आजूबाजूचं झिरपून विहिरीचं पाणी एक वीत वर आलंय म्हणे.

आणि दुपारी वारा सुटला की धूळ येते. कपाटातून पंप पुन्हा बाहेर काढलाय. शिरीष खरं बोलला होता, माझी छाती वाजायला लागली आहे.

संकष्टीला मेधा आली. जुडी नव्हती तिच्या हातात. मुळांसकट उपटलेला हरळीचा एक तुकडा होता, मातीसह, कागदात गुंडाळलेला.

"दूर्वा आता तुझ्या तू लाव," ती म्हणाली. "मी नाही आणणार." दारातूनच परत गेली. मी तिला आत बोलावलं नाही, कोणत्या तोंडाने बोलावणार?

त्या दुपारी धुळीने मला खोकल्याची उबळ आली. शिरीष धावत आला. एका हातात गोळी, एका हातात पाण्याचा पेला. त्याचा चेहरा अगदी सांगलीतल्या त्या पावसाळ्यातल्यासारखा झाला होता.

"घे, हेमा. पटकन घे."

मी पेला घेतला. घशाला कोरड पडली होती, श्वास अडकत होता. आणि तरी माझा दुसरा हात शेल्फकडे गेला. हुंग्या काढला, नळी पेल्यात बुडवली.

शिरीष तळहातावर गोळी धरून चाळीस सेकंद तसाच समोर उभा राहिला. पाणी कालव्याचंच निघालं. मग मी ते प्याले.